जोडपानाची उजवी बाजू

चेन्नईजवळ ओरगडमच्या मोटारींच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा मला वेस्ट मांबलममध्ये खोली मिळाली ती मराठी असल्यामुळे. खोली दाखवणारा म्हणाला, खाली राहणारे मालक तुमचीच भाषा बोलतात. मी इचलकरंजीची. मला वाटलं, सांगली-कोल्हापूरकडचं कुणीतरी असेल. दार उघडलं ते चाळिशी ओलांडलेल्या एका बाईने. अंगावर बँकेत नेसायची साडी, हातात उघडं कॉमिक. मुखपृष्ठावर कुणीतरी कुणाच्या तरी छातीत मूठ खुपसली होती.

"भितर ये," ती म्हणाली. "उगी राहा थोडी. हें पान संपवितें."

उगी राहा म्हणजे गप्प बस, हे मला नंतर कळलं. ते तंजावूरचं मराठी होतं. तिचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी दक्षिणेत आले आणि आपली भाषा घेऊन आले. शब्द पोथीतले वाटायचे, पण चाल तमिळची. प्रश्नाच्या शेवटी 'की' यायचा. जेवलीस की? बस मिळाली की? काही महिन्यांत माझ्याही बोलण्यात तो 'की' शिरला आणि फोनवर आई हसायला लागली. मी तिला अक्का म्हणू लागले. हा शब्द मराठीतही आहे आणि तमिळमध्येही, त्यामुळे दोघींनाही तो परका वाटला नाही. तिचे वडील रेल्वेत गार्ड होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. त्यांना सगळी गल्ली अप्पा म्हणायची. मीही.

अक्का बँकेत अधिकारी होती. लग्न केलं नव्हतं. ती सुपरहीरोंच्या कॉमिक्सची परीक्षणं करायची, आणि हे बँकेत कुणालाही ठाऊक नव्हतं. अप्पा नोकरीत असताना डब्यात प्रवाशांनी विसरलेली कॉमिक्स घरी आणायचे. त्यातून तिला ती गोडी लागली होती. आता नवे अंक दर आठवड्याला यायचे, काही टॅबवर, काही पार्सलने. ती वाचून इंग्रजीत लिहायची आणि तेच तमिळमध्ये बोलून आपल्या चॅनेलवर टाकायची. तिथे तिचा चेहरा दिसत नसे, नुसता आवाज. ऐकणारे फार नव्हते, पण होते ते नेमाने ऐकणारे होते. तिची जीभ धारदार होती. एखाद्या लेखकाने नायकाला उगाच मारून पुढच्या अंकात जिवंत केलं, की ती त्याला सोडत नसे.

मी कारखान्यात रंगवलेले दरवाजे तपासायचे. पांढऱ्या नळ्यांच्या उजेडात गाडीचे दरवाजे एकामागून एक पुढे सरकतात आणि त्यावरचा धुळीचा कण, रंगाचा ओघळ, बारीकसा पोचा शोधायचा. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरले की डोळे जड व्हायचे, आणखी काही बघावंसं वाटायचं नाही. तरी शनिवारी मी अक्काकडे जाऊन बसायचे. ती कॉफी करायची, नवे अंक पसरायची आणि मला लिहिलेलं वाचून दाखवायची. मला कॉमिक्समधलं काही कळत नव्हतं. "म्हणूनच तुला सांगतें," ती म्हणायची. "तुला कंटाळा आला, की समजतें, फार लांबलं."

दुसऱ्या वर्षी एका मालिकेचा शेवटचा अंक आला. हात लावील ते पोलाद वितळवणाऱ्या नायकाची मालिका होती ती. शेवटी त्याच्याच हातून त्याचं शहर पडतं. सगळीकडे त्या अंकाचं कौतुक चाललं होतं. अक्काने मात्र तो झोडपून काढला. तिने लिहिलं, लेखकाने अख्खं शहर पाडलं, पण एकही प्रेत दाखवायची त्याची छाती झाली नाही. नायक एकटा उभा आहे आणि समोर नुसता धूर. मेलेल्यांशिवायचा हा विध्वंस खोटा आहे.

दोन दिवसांनी बस येऊन थांबते तिथे अप्पा उभे होते. असं कधी होत नसे. म्हणाले, "लेक जेवली नाही. तू ये."

अक्का टेबलाशी बसली होती. समोर तो अंक, शेजारी फोन. फोनवर वाचकांनी हसून हसून लिहिलं होतं. एकाने विचारलं होतं, बाई, पुस्तक अर्धंच छापून आलं का तुमच्याकडे? दुसऱ्याने लिहिलं होतं, न वाचता परीक्षण करणाऱ्यांचा नमुना.

तिने ते जोडपान माझ्यापुढे सरकवलं. दोन्ही पानं मिळून एकच चित्र होतं. "तू बघ. आहे की प्रेत?"

मी बघितलं. शोधायची गरजच नव्हती. उजवं पान प्रेतांनी भरलेलं होतं. खाली कोपऱ्यात काँक्रीटच्या तुकड्याखालून एक हात बाहेर आलेला, आणि त्या हातात नायकाच्या भावाचं घड्याळ, अक्काने आधीच्या अंकांत मला दाखवलेलं. मी तिथे बोट ठेवलं.

अक्काने माझ्या बोटाकडे पाहिलं नाही. आधी तिने मान वळवली, मग पुन्हा वळवली, चिमणी दाणा शोधते तशी. मग तिला बोट दिसलं. बोटावरून हात दिसला. हातावरून घड्याळ. ती बराच वेळ त्या घड्याळाकडे बघत राहिली.

"हें इथे होतं?"

"हो."

"तुला लगेच दिसलं?"

मला एकेक गोष्ट आठवत गेली. तिने स्कूटर विकून टाकली होती, आजकाल लोक कसेही चालवतात म्हणून. फाटकाच्या कडीने तिचा दंड दोनदा सोलवटला होता. अप्पांनी पुढे केलेला कॉफीचा टंबलर तिच्या हाताच्या धक्क्याने सांडायचा आणि ती त्यांच्यावरच चिडायची. हे सगळं मी रोज बघत होते. दरवाज्यावरचा धुळीचा कण मला हातभरावरून दिसायचा, पण हे दिसत असूनही त्याचा अर्थ मला लागला नव्हता. तिलाही लागला नव्हता.

डोळ्यांच्या दवाखान्यात मी सोबत गेले. तिला एका यंत्रापुढे बसवून हातात बटण दिलं. समोर कुठेही उजेडाचा ठिपका दिसला की दाबायचं. मी मागे उभी राहून ऐकत होते. बटणाचा आवाज थोडा वेळ येई, मग कितीतरी वेळ काहीच नाही. तिला वाटलं यंत्र थांबलंय. तिने तसं विचारलं. तिथली मुलगी म्हणाली, चालू आहे मॅडम, लक्ष द्या.

डॉक्टर तमिळमध्ये बोलले, शांतपणे. काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढून मागची नस मरत जाते. दुखत नाही, लाल होत नाही, काहीच होत नाही. आधी कडा जातात आणि माणसाला कळत नाही, कारण जे दिसत नाही ते दिसत नाही हे कसं दिसणार? गेलेलं परत येत नाही. उरलेलं राखायचा प्रयत्न करू. मग त्यांनी विचारलं, घरात कुणाला होतं का?

अप्पा खुर्चीत बसले होते. त्यांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"हिच्या आईला," ते मराठीत म्हणाले, जणू डॉक्टरांना नाही, आम्हालाच सांगत होते. "शेवटी तिला दिसत नव्हतं. आम्ही म्हणालों, वय झालं."

अक्काने ते डॉक्टरांना तमिळमध्ये सांगितलं. तिच्या आवाजात काही नव्हतं.

थेंब सुरू झाले. मग उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की नस इतकी अशक्त असेल तर उरलेली नजरसुद्धा या धक्क्याने जाऊ शकते, क्वचित होतं. ते झालं. पट्टी काढली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, किती बोटं? अक्का म्हणाली, "पट्टी काढा ना." तिने स्वतःच हात डोळ्यापाशी नेला आणि मग तिला समजलं.

डावा डोळा राहिला. त्यातली नजर म्हणजे किल्लीच्या भोकातून बघावं तशी. कॉमिकचं पान धरलं की तिला त्यातला एक डोळा दिसे, किंवा अर्धा शब्द. चौकटीतून चौकटीत जाईपर्यंत ती दमून जायची. आधी कुठे होतो तेच सापडत नसे.

"तू सांग," एका शनिवारी ती म्हणाली. "मी ऐकतें."

मी सांगायला बसले. वर डावीकडे नायक. उजवा हात वर. मागे इमारत, तिला तडा. दुसऱ्या चौकटीत बाई, निळा पोशाख, तोंड उघडं.

"थांब. तू गाडीचं दार तपासतेस की?"

"म्हणजे?"

"कुठे काय आहे, तें सांगतेस. तिला भय वाटतं की राग आला? तो तिच्याकडे बघतो की नाही बघत?"

"मला कसं कळणार अक्का? काढलंय तेवढं सांगते."

"तेंही काढलंय. चित्रकाराने फुकट हात वर केला नाही. बघ."

मी पुन्हा बघितलं. खांदे बघायला शिकले. कोण कुणाला पाठ करून उभं आहे, पाऊस कुणावर पडतोय आणि कुणावर नाही, चित्रकाराने कुणाचे डोळे मुद्दाम सावलीत ठेवलेत. हे यायला कित्येक शनिवार गेले. अप्पा बाजूला बसून ऐकायचे. त्यांना त्या गोष्टींमधलं काही समजत नव्हतं, पण मी थांबले की म्हणायचे, "पुढे?"

ती पुन्हा परीक्षणं टाकू लागली. प्रत्येकाच्या सुरुवातीला एक वाक्य असे, यातली चित्रं मी पाहिलेली नाहीत, मला सांगण्यात आली आहेत. मी म्हटलं, कशाला सांगता? ती म्हणाली, मग काय, चोरी करूं? हे कळल्यावर काही जण ऐकेनासे झाले, काहींनी फार गोड लिहिलं. ते गोड तिला सोसत नसे. एका मोठ्या चॅनेलचा माणूस घरी आला. त्याला अंध बाई सुपरहीरोंबद्दल बोलते असा कार्यक्रम करायचा होता. अक्काने हात पानावरून फिरवायचा, मागे हळू संगीत. त्याला तिची चार परीक्षणंही ठाऊक नव्हती. तिने त्याला कॉफी दिली आणि विचारलं, "माझं बोलणं पाहिजे, की माझे डोळे पाहिजेत?" तो हसला, त्याला तो विनोद वाटला. ती हसली नाही.

पण त्याच सुमारास तिला दुसरंच काही खाऊ लागलं होतं. मी एखादं पान रंगवून सांगितलं की ती विचारायची, खरंच असं आहे? की तुला तसं वाटलं? एकदा तिने मला एकाच चौकटीबद्दल तीन वेळा विचारलं, आणि तिन्ही वेळा माझं सांगणं थोडं थोडं बदललं. चित्र तेच होतं. मीच त्यात दर वेळी नवं काहीतरी बघत होते.

"बघ," ती म्हणाली. "मी परीक्षण कशाचं करितें? पुस्तकाचं, की तुझ्या सांगण्याचं?"

अप्पा म्हणाले, "दोन्ही चांगलंच आहे की." अक्का उठून आत गेली. जाताना खुर्चीचा पाय तिच्या नडगीला लागला, पण ती थांबली नाही.

मग ती मालिका आली. नवी नायिका, एका लढाईत तिचे डोळे जातात. पहिले तीन अंक अक्काला आवडले. नायिका भिंतीला तळहात लावून चालते, जिन्याच्या शेवटच्या पायरीनंतर आणखी एक पायरी असेल म्हणून पाय टाकते आणि हादरते. हे ऐकताना अक्का म्हणायची, हों, हों, असंच. परीक्षणात तिने त्या लेखकाची इतकी स्तुती केली की मला नवल वाटलं.

चौथ्या अंकाचं शेवटचं पान मी आधी मनातच वाचलं आणि थांबले.

"काय झालं?"

"डोळे परत आले तिचे."

"कसे?"

"शत्रूला हरवते. मग वरून उजेड येतो. कपाळाला लागतो."

"सांग. सगळं पान सांग."

मी सांगितलं. उजेडाच्या रेषा, पिवळा रंग, वर बघणारा चेहरा, बुबुळात उमटलेलं शहर. चित्र सुंदर होतं आणि तेही मी सांगितलं. अक्का मांडीवर हात ठेवून बसली होती. डाव्या डोळ्यातलं ते किल्लीचं भोकही तोवर धुकटलं होतं. शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मग ती म्हणाली, "लिही," आणि तिने मला सांगून लिहून घेतलं:

"या अंकात नायिकेला डोळे परत मिळतात. आकाशातून एक उजेड उतरतो आणि तिच्या कपाळाला लागतो. चित्र सुंदर आहे असं मला सांगण्यात आलं. आधीच्या तीन अंकांत ती भिंत धरून चालत होती, ते लेखकाने कुठेतरी पाहून लिहिलं होतं. हे त्याने पाहिलेलं नाही."

एवढंच. पहिलीच प्रतिक्रिया आली ती चिडलेल्या वाचकाची. शेवट आधीच फोडल्याबद्दल त्याने तिला शिव्या दिल्या होत्या. मी ती वाचून दाखवायला तयार नव्हते, पण तिने वाचायला लावली.

"बरोबर बोलतो," ती म्हणाली. "शेवट सांगूं नये."

पुढच्या शनिवारी ती म्हणाली, आज नक्को. त्याच्या पुढच्याही. पार्सलं यायची थांबली, तिनेच बंद केली होती. चॅनेलवर तो शेवटचा तुकडा राहिला. काही दिवस लोक विचारत होते, तब्येत बरी आहे ना? मग तेही थांबले. बँकेने तिला कर्जाच्या टेबलावरून उठवून एका कोपऱ्यात बसवलं. तिथे तिच्यासमोर फोन होता आणि तो फारसा वाजत नसे. अप्पा सकाळी तिला रिक्षाने सोडायला जात, संध्याकाळी आणायला जात. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे होतं. रस्ता ओलांडताना कुणी कुणाला धरलंय ते मला वरच्या खिडकीतून सांगता आलं नसतं.

अप्पा गेले तो रविवार होता. जेवणं झाली होती. मी भांडं परत द्यायला खाली उतरले. दार लोटलेलं होतं. अक्का आत स्वयंपाकघरात ओटा पुसत होती, हाताने चाचपत, आणि बाहेरच्या खोलीकडे तोंड करून काहीतरी बोलत होती. अप्पा त्यांच्या खुर्चीत होते.

माझी चाहूल लागली तशी ती थांबली. "हळू बोल," म्हणाली. "त्यांना झोप लागली वाटतं. मघापासून बोलतें, उत्तर नाही."

मी त्यांच्याकडे एकदा बघितलं. एकदाच पुरेसं होतं. भांडं मी जमिनीवर ठेवलं.

"अक्का, बाहेर या."

माझ्या आवाजावरून तिला कळलं असावं. भिंतीवरून हात फिरवत ती आली. मी तिचा हात अप्पांच्या हातावर ठेवला. तिने मनगट धरलं, मग गाल, मग कपाळ. रडली नाही. फरशीवर त्यांच्या पायाशी बसली.

"तोंड उघडं आहे की?"

"थोडं."

"मिट."

मी मिटलं. ते पुन्हा थोडं उघडलं. तिने पदराची एक पट्टी करून दिली, मी बांधली. मग ती म्हणाली, "आतां सांग. कसे आहेत."

मी सांगितलं. चष्मा नाकावर खाली आलाय. पेपर मांडीवरून घसरलाय. एक चप्पल पायात, एक बाजूला. डोळे जवळजवळ मिटलेले.

"म्हणजे झोपेत गेले."

"तसं वाटतंय."

"वाटतं नक्को." ती माझ्याकडे वळली. तिचे दोन्ही डोळे माझ्या खांद्याच्या पलीकडे कुठेतरी होते. "दिसतं तें सांग."

मी पुन्हा बघितलं. डावा हात मांडीवर सैल पडला होता. उजव्या हाताने खुर्चीचा दांडा घट्ट धरलेला होता, बोटांची टोकं पांढरी पडून तशीच राहिली होती. ते मी मघाशीच पाहिलं होतं आणि सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

मग तिने चाचपत तो हात शोधला आणि एकेक बोट सोडवू लागली. जमत नव्हतं. मी मदतीला वाकले तशी म्हणाली, "नक्को, मी करितें." तिने केलं. शेवटचं बोट सुटल्यावर म्हणाली, "बरें. कोईमतूरला फोन लाव."

कोईमतूरचा चुलत भाऊ आला. दिवसकार्य झालं. त्याने तिला सोबत येण्याचा आग्रह केला, पण ती गेली नाही. कॉमिक्सची खोकी एका जुन्या श्रोत्याने येऊन नेली. त्याला ती कुठे राहते हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. तो दारात उभा राहून बराच वेळ काहीतरी चांगलं बोलायचा प्रयत्न करत होता आणि मग तसाच गेला. आता ती पांढरी काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाते, तिथून रिक्षावाला नेतो. गल्लीत कुणीतरी मोटारसायकल आडवी लावलेली असते. तिच्या नडग्यांवर नेहमी काहीतरी काळंनिळं असतं. डाव्या डोळ्यात आता फक्त उजेड आहे की नाही एवढंच समजतं, आणि तेही उन्हात.

मी अजून वरच राहते. माझ्या बदलीचं दोनदा निघालं आणि दोनदा राहिलं. संध्याकाळी बसमधून उतरले की आधी खाली जाते. आम्ही बातम्या ऐकतो, भाजी निवडतो. नवे अंक येत असतील. मी बघत नाही आणि ती विचारत नाही.

त्या रविवारबद्दल ती एकदाच बोलली. शेंगा सोलता सोलता हात थांबवून म्हणाली, "तूं आलीस तेव्हां मी आतून त्यांना काय सांगत होतें? तुला ऐकूं आलं की?"

"वांगी कडू निघाली म्हणत होतात."

"आणखी?"

"अप्पांनीच आणली होती. त्यांना निवडता येत नाहीत म्हणालात."

तिने मान हलवली. "तें ऐकलं असेल त्यांनी?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. तिने पुढची शेंग हातात घेतली.